पाहुण्याचा कप

नोल्बेर्तो मला दिसायच्या आधी ऐकू आला. टेकडीवर सकाळचं धुकं इतकं दाट होतं की पुढे धरलेला माझाच हात मला मनगटापर्यंतच दिसत होता. मी मावशीचं गाढव शोधत होते. आणि धुक्यातून कोणीतरी शीळ घालत होतं, अगदी निवांत, घरात बसल्यासारखं.

"कोण आहे तिकडे?" मी ओरडले.

शीळ थांबली.

"इकडे मी आहे. तिकडे कोण आहे?"

"मी... मीच आहे."

"बरं झालं. मला वाटलं, दुसरंच कोणी असेल."

मला हसू आलं आणि रागही आला. "चेष्टा पुरे. माझी वाट चुकलीय."

"वाट चुकली नाही अजून. फक्त तिथून पुढे येऊ नका."

"का?"

"पुढे कडा आहे."

मी होते तिथेच उभी राहिले, एक पाय अर्धवट उचललेला. मग धुक्यातून आधी एक हात आला. दोरखंडानं घासून रापलेला, समुद्राच्या शेवाळाचा वास असलेला. मागून लोकरीची बाही आली आणि शेवटी तो आला. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर, टोपीच्या केसाळ लोकरीवर बारीक थेंब बसले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावर पाहिलं आणि ओठ आवळले.

"तुम्ही ओर्तेन्सियाबाईंची भाची. दक्षिणेकडची, पावसातली."

"कशावरून?"

"इथली कोणी बाई धुक्यात छत्री उघडून फिरत नाही."

मी छत्री मिटली. मिटताना तिच्यातलं पाणी सगळं त्याच्या छातीवर उडालं. तो म्हणाला, "पाणी वाया घालवू नका हो, खाली रताळी आहेत." आणि माझं मनगट धरून त्यानं मला कड्यापासून धुकं अडवायच्या जाळीपर्यंत आणलं. हात सोडायला त्याला जरा उशीर झाला... की मला तसं वाटलं, कोण जाणे.

गाढव जाळीखालीच होतं. त्याचं नाव मंत्री. काम असलं की तो सापडायचा नाही आणि खायची वेळ झाली की सगळ्यांच्या आधी हजर, म्हणून मावशीनं ठेवलेलं नाव. मंत्री पन्हळीत तोंड घालून पाणी पीत होता.

सान तेल्मोला नदी नाही, विहीर नाही आणि पाऊस तर म्हाताऱ्यांच्या गोष्टीत पडतो. समोर समुद्र, मागे वाळवंट आणि मध्ये आमची पत्र्या-फळ्यांची घरं. प्यायचं पाणी आठवड्यातून एकदा टँकर आणतो. पण हिवाळ्यात समुद्रावरून कामांचाका येते. त्या धुक्याला इकडे बाईसारखं नाव आहे, आणि ती बाईसारखीच मर्जीनं येते, मर्जीनं जाते. टेकडीवर दोन खांबांमध्ये बारीक विणीची जाळी ताणलेली असते. धुकं तिच्यातून जाताना पाणी सोडून जातं. थेंब पन्हळीत पडतो, पन्हळीतून पिंपात आणि पिंपातून नळीनं थेट मावशीच्या बागेत. ती जाळी दुरुस्त करायचं काम नोल्बेर्तोकडे होतं. एरवी तो किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायचा. मनगटाएवढ्या जाड, चामड्यासारख्या त्या वेली तो लाटेतून ओढायचा, वाळूवर वाळवायचा आणि ट्रकवर चढवायचा.

मी आले होते मावशीचा पाय मोडला म्हणून. मंत्रीनंच पाडलं होतं तिला. आई म्हणाली होती, "इस्मेनिया, पाय बरा होईस्तोवर राहा. उन्हाळ्याच्या तोंडाला परत ये, टपाल कचेरीत तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय." मलाही ते बरं वाटलं होतं. मी नदीकाठची मुलगी. आमच्याकडे पाऊस इतका की बाहेर वाळत घातलेला मोजा आठवडाभर ओलाच. वाळवंटात माझं मन रमेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

रमवलं ते आधी बागेनं. मासळीच्या जुन्या खोक्यांत टोमॅटो आणि कोथिंबीर, भिंतीच्या आडोशाला रताळी आणि एका फुटक्या घागरीत लाल जिरेनियम. एवढीच बाग. पण तिच्यातलं एकेक पान कोणीतरी थेंब थेंब पाजून मोठं केलेलं. सकाळी मी नळीला कान लावून बसायची, पाणी येताना आतून गुळगुळ आवाज यायचा. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत पाय लांब करून हुकूम सोडायची, "मुळाशी घाल, पानावर नको! पान काय पाणी पितं? तू काय केसांनी चहा पितेस?"

नोल्बेर्तो पहिल्यांदा घरी आला तो नळीचं तोंड बांधायला. काम संपलं तेव्हा तिन्हीसांज झाली होती आणि चहाची वेळ होती. मी राखेत भाजलेली भाकरी काढली, ऑलिव्ह काढले, चहा ओतायला घेतला. त्यानं कमरेचा एनॅमलचा निळा कप सोडला आणि पुढे धरला. मला गंमत वाटली, पण इथले सगळेच कमरेला कप बांधून हिंडत. म्हटलं, समुद्रावरच्या लोकांची सवय असेल.

मावशी खुर्चीत डोळे मिटून होती. आम्ही हळू आवाजात बोललो.

"दक्षिणेत रोज पाऊस पडतो म्हणे?" त्यानं विचारलं.

"रोज. कधीकधी दिवसातून दोनदा."

"मग तुम्ही त्याचं करता काय?"

"काय म्हणजे? शिव्या घालतो."

तो इतका खळखळून हसला की मावशीच्या पापण्या हलल्या. तो उठला. कप फडक्यात गुंडाळणार, एवढ्यात मी तो काढून घेतला. "राहू द्या हो, धुऊन देते," असं म्हणून मी माठातलं पाणी घेतलं, कप आतून-बाहेरून घासला, पुसला आणि त्याच्या हातात दिला.

त्यानं कप घेतलाच नाही. म्हणजे हात पुढे केला, पण बोटं मिटायचीच विसरला. कान लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं.

"इस्मेनियाबाई... तुम्हाला..." तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. उपकार झाले." आणि तो दाराच्या चौकटीला खांदा आपटून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन्या सुनिल्दा (मानानं 'बाई' म्हणावं तसं इथे 'दोन्या' म्हणतात) ताजा पाव घेऊन आल्या. पावाबरोबर चेहऱ्यावर असं हसू, की मला वाटलं यांना नातू झाला.

"मग? कधी?" त्या म्हणाल्या.

"काय कधी?"

"लाजतेस कशाला पोरी! अख्खं सान तेल्मो बोलतंय. भारीच धीट बाई तू. मला माझ्या नवऱ्याचा कप धुवायला दोन वर्षं लागली. आणि तू? एका चहात!"

"कप धुतला म्हणून काय झालं?"

दोन्या सुनिल्दांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशी एकाएकी जिरेनियमची वाळकी पानं खुडायला लागली.

मग मला सगळं कळलं. सान तेल्मोत पाहुणा आपला कप आपण आणतो आणि खरकटा घरी नेऊन आपल्या पाण्यानं धुतो. दुसऱ्याच्या घरचं पाणी खर्चायला लावायचं नाही, ही इथली रीत. आणि बाईनं एखाद्याचा कप आपल्या माठातल्या पाण्यानं धुतला, तर त्याचा अर्थ एकच – आजपासून तू माझ्या पाण्याचा, माझ्या घरचा.

"पण आमच्याकडे पाहुण्याचा कप धुतला नाही तर आई कान उपटते!" मी रडकुंडीला आले.

"आता कान उपटण्या-बिपटण्याचा प्रश्न राहिला नाही," दोन्या सुनिल्दा म्हणाल्या. "नको असेल तर त्याला सांग, पाणी परत करायचं. तो कपभर पाणी आणेल, चार लोकांसमोर तुझ्या उंबऱ्यावर ओतेल. मग तू मोकळी, तोही मोकळा. फक्त त्यानंतर या घरात तो चहाला यायचा नाही. जन्मभर."

त्या गेल्यावर मी मावशीकडे वळले. "तू जागी होतीस ना?"

"एका डोळ्यानं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर धुतला नसतास," मावशी शांतपणे म्हणाली. "जिरेनियमला पाणी घाल."

मी तडक किनाऱ्यावर गेले. नोल्बेर्तो गुडघाभर पाण्यात शेवाळ ओढत होता. मला पाहून त्यानं ओढणं थांबवलं. लाट आली आणि त्याची वेल परत घेऊन गेली.

"तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"कसं थांबवणार?"

"हात धरायचा!"

"हात धरला असता तर लोकांनी आणखीनच अर्थ काढला असता."

"लोक कुठे होते? मावशी झोपली होती."

"ओर्तेन्सियाबाई झोपल्या असं सान तेल्मोत कोणी पाहिलेलं नाही." मग तो वाळूकडे बघत म्हणाला, "आणि खरं सांगू का... मला थांबवावंसं वाटलं नाही. कोणी माझा कप धुतला नव्हता कधी. आई लहानपणीच गेली. मी म्हटलं, बघू तरी, धुतलेला कप कसा लागतो हातात."

माझा राग त्या लाटेबरोबर थोडा गेला. थोडा मी धरून ठेवला.

"तुम्ही सांगाल तेव्हा पाणी परत करीन," तो म्हणाला. "शब्द देतो."

"उद्या करा."

"करतो." तो वळला, मग पुन्हा वळला. "उद्या सान पेद्रोचा सण आहे. सगळे होड्या सजवणार. सणाच्या दिवशी बरं दिसेल का?"

मी विचार केला. "नाही दिसणार."

"तेच म्हणतो मी."

सणानंतर टँकरच उशिरा आला. अशा टंचाईत कपभर पाणी मातीत ओतणं पापच, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. मग मला सर्दी झाली. मग त्याच्या अंगठ्याला शिंपल्यानं कापलं. मग दोन्या सुनिल्दा पंधरवडाभर मुलीकडे गेल्या आणि त्यांच्यामाघारी केलं तर त्या जन्मभर बोल लावतील, हे उघड होतं. या दिवसांत तो रोज चहाला येत होता. कप मात्र मी आता धुवायची नाही. तो तसाच खरकटा फडक्यात बांधून न्यायचा आणि जाताना माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्याची काही चोरी केलीय.

"तुमच्या टोमॅटोला खत पाहिजे," एका संध्याकाळी तो म्हणाला. "पानं पिवळी पडतायत."

"इथे खत कुठलं?"

"समोर."

समोर समुद्र होता आणि समुद्रात एक पांढरा खडक. दुसऱ्या दिवशी आम्ही होडीतून त्या खडकावर गेलो, पक्ष्यांची विष्ठा खरवडून आणायला. प्रेमात पडायला याहून घाण वासाची जागा देवानं केली नसेल. पेंग्विन आमच्याभोवती उभे राहून भांडत होते, अगदी नळावरच्या बायकांसारखे. एका खाचेत समुद्रसिंह पसरला होता. तो एवढ्या जोरात जांभई द्यायचा की मी दर वेळी नोल्बेर्तोची बाही धरायची.

"तो चावत नाही," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? बाही तुमची आहे म्हणून धरू नये असं कुठे लिहिलंय?"

 परतताना वल्ही मारत तो शीळ घालत होता आणि ती शीळ सारखी चुकत होती. पोत्यातल्या खतानं टोमॅटो आठ दिवसांत हिरवेगार झाले. मावशी म्हणाली, "पेंग्विनांची कृपा." आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "टोमॅटोच्या गालावर लवकर रंग चढला यंदा."

असेच आम्ही हिंडलो. कधी ओहोटीच्या वेळी खडकांवर शिंपले काढायला, तिथेच दोन दगडांवर भाजून लिंबाशिवाय खायला. कधी मंत्रीच्या पाठीवर पाण्याची बुधली टाकून आतल्या दरीत. वाळवंटाला रंग नाही असं मला वाटायचं. नोल्बेर्तोनं ते दाखवून दिलं. सकाळी ते भाकरीच्या पापुद्र्यासारखं, दुपारी पांढरं, आणि सूर्य समुद्रात उतरायला लागला की जुन्या गुलाबी लुगड्यासारखं. तो फारसं बोलायचा नाही. बोट दाखवायचा आणि मग माझ्याकडे बघत बसायचा, मला दिसलं का ते पाहायला.

पाय बरा झाल्याचं मावशीनं शक्य तितकं लपवलं. पण एका सकाळी ती कोंबडीच्या मागे धावताना मी तिला पकडलं. आता निमित्त उरलं नव्हतं. आईचा निरोप आला होता: टपाल कचेरीवाले फार दिवस थांबणार नाहीत. पुढच्या टँकरनं मी निघायचं ठरलं.

निघायच्या आधी शेवटचं म्हणून नोल्बेर्तो मला पहाटे धुक्याच्या वरच्या काठावर घेऊन गेला. तिथे धुकं संपतं आणि ऊन सुरू होतं. उंच निवडुंगांना धुक्याचे थेंब लटकलेले असतात. आम्ही खडकामागे बसलो. थोड्या वेळानं एक ग्वानाको आला. उंटाचा हा धाकटा भाऊ, मान लांब आणि डोळे नव्या नवरीसारखे. त्यानं निवडुंगाच्या काट्यांमधून अलगद जीभ फिरवली आणि थेंब टिपले, एकेक. त्याच्यामागे त्याची मादी. तिच्यासाठी त्यानं पुढची बाजू सोडली.

मला जवळून बघायचं होतं. मी हात टेकला तो नेमका एका छोट्या निवडुंगावर.

"आई गं!"

ग्वानाको पळाले. नोल्बेर्तोनं माझा तळहात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि काटे काढायला लागला. त्याच्या जाड बोटांना एवढं हळुवार कोणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. मी त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत होते. मनात म्हटलं, आत्ता बोलेल... आत्ता.

त्यानं पुढचा काटा काढला. मग मीच विचारलं.

"उन्हाळ्यात तुम्ही काय करता?"

"उत्तरेला जातो. दर वर्षीच जातो. इकडचं शेवाळ संपतं, तिकडे—"

"दर वर्षी," मी म्हटलं.

"हो, पण—"

"बरोबर आहे. शेवाळ जिथे, तुम्ही तिथे." मी हात ओढून घेतला. एक काटा आतच राहिला होता. "मग जायच्या आधी माझं पाणी परत करून जा. टँकर यायच्या आत. शब्द दिलाय तुम्ही."

त्याचा चेहरा वाळू वाऱ्यानं सपाट होते तसा झाला. तो म्हणाला, "दिलाय." आणि उतरताना सबंध वाट तो पुढे आणि मी मागे. 

टँकरच्या दिवशी सकाळी मी बॅग भरून ओट्यावर ठेवली. दोन्या सुनिल्दा आल्या होत्या, आणखी दोघी शेजारणी आल्या होत्या. कोणी आमंत्रण दिलं नव्हतं. पण सान तेल्मोत पाणी ओतायची गोष्ट वाऱ्यावर कळते. मावशी खुर्ची दारात ओढून बसली.

नोल्बेर्तो आला. दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. हातात तो निळा कप, काठोकाठ भरलेला. किनाऱ्यापासून चढ चढून आला होता, पण एक थेंब सांडला नव्हता. तो माझ्यासमोर उंबऱ्यापाशी उभा राहिला. मी चौकट धरून उभी होते. मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी कपाकडे बघितलं. 

"ओत बाबा," दोन्या सुनिल्दा हळूच म्हणाल्या. "जे करायचं ते पटकन करावं."

त्यानं कप तिरका केला... सरळ केला. पुन्हा तिरका केला. मग एकदम वळला, भिंतीच्या कडेनं बागेत गेला आणि खाली बसून ते पाणी पहिल्या टोमॅटोच्या मुळाशी घातलं. अगदी हळू, माती जिरवून घेईल तसं.

"अरे!" दोन्या सुनिल्दा उठल्याच. "हे काय? हे परत करणं झालं नाही! उंबऱ्यावर ओतायचं असतं!"

"उंबऱ्यावर टोमॅटो येत नाहीत," तो खाली मान घालून म्हणाला.

"रीत आहे ती!"

"असेल. मला नाही जमत. एवढं पाणी आणि दगडावर?" तो उठला. हात मातीनं भरलेले. माझ्याकडे बघून म्हणाला, "शब्द मोडला मी. हवं तर रागवा."

शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. परत झालं म्हणायचं की नाही, हे कोणालाच सांगता येईना.  मला वाटत होतं, आता काही उपयोग नाही. टोमॅटोला पाणी घातलं म्हणून उन्हाळा यायचा थांबतो थोडाच? हा माणूस आज नाही तर महिन्याभरानं जाणारच. मी टपाल कचेरीत बसून दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारीन, आणि त्यातलं एकही पाकीट माझं नसेल.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. लिसान्द्रो, टँकरवाला, चढावर धूळ उडवत आला आणि नेहमीप्रमाणे थांबायच्या आधीच ओरडायला लागला.

"नोल्बेर्तो! ए नोल्बेर्तो! आणलं रे बाबा तुझं झाड! आता तरी माझा पिच्छा सोड!"

त्यानं खाली उतरवलं ते तेलाच्या डब्यात लावलेलं एक लिंबाचं रोप होतं. हातभर उंच, वाऱ्यात नको म्हणून पोत्यात गुंडाळलेलं.

"दर आठवड्याला याची कटकट," लिसान्द्रो आम्हा सगळ्यांना सांगायला लागला. "'आणलंस का? विसरलास का?' अरे, खालच्या खोऱ्यात जावं लागतं त्यासाठी! कोणाला एवढी घाई लिंबाची? फळ यायला चार-पाच वर्षं तरी जातील."

 मी नोल्बेर्तोकडे बघितलं. त्याचे कान त्या पहिल्या चहाच्या दिवसापेक्षाही लाल झाले होते.

"हे कधी मागवलं तुम्ही?" मी विचारलं.

"शिंपले खाल्ले त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, लिंबू असतं तर..."

"तेव्हापासून?"

"हो. हा विसरत होता सारखा."

"आणि टेकडीवर मला म्हणालात, उत्तरेला जातो!"

"'जातो' म्हणालो. पुढे 'पण' म्हणालो होतो. तुम्ही 'पण'च्या पुढे जाऊच दिलं नाही."

"मग बोलायचं होतं ना! तोंड नव्हतं का?"

"हातात झाड नसताना काय बोलायचं?" तो म्हणाला. "हिंडणाऱ्या माणसानं 'राहीन' म्हटलं तर कोण विश्वास ठेवतं? मी स्वतःच ठेवला नसता. म्हटलं, आधी लावून दाखवू, मग बोलू."

"चार-पाच वर्षं याला पाणी कोण घालणार?"

"मी."

"रोज?"

"रोज. धुकं नसेल तेव्हा माझ्या वाटणीचं." तो थांबला. "तुम्ही गेलात तरी घालीन. हे तुम्हाला अडवायला आणलेलं नाही. टपाल कचेरी चांगली असते... डोक्यावर छप्पर असतं..."

"नोल्बेर्तो," मावशी खुर्चीतून म्हणाली, "आता गप्प बस. चांगलं चाललं होतं."

लिसान्द्रोनं माझी बॅग उचलली. "चढताय ना बाई? ऊन वाढतंय, पुढे मोठ्या रस्त्यावर बस गाठायचीय."

मी त्याच्या हातातून बॅग घेतली आणि ओट्यावर ठेवली. "आज नाही. पुढच्या आठवड्यात दोघांची जागा ठेवा. आईला समोर बसून सांगायचंय."

"दोघांची?"

"हो. येतानाही दोघांचीच."

दोन्या सुनिल्दांनी एप्रननं डोळे पुसले आणि लगेच मावशीशी वाद घालायला सुरुवात केली, की आजचं पाणी परत झालं नाही, हे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवावं. मावशी म्हणाली, लक्षात ठेवायला आहे कोण, आपण दोघी म्हाताऱ्या.

नोल्बेर्तो मात्र जागचा हलला नव्हता. झाडाचा डबा दोन्ही हातांत धरून उभा. मी खुरपं आणि कुदळ आणली.

"कुठे लावायचं?" मी विचारलं.

"भिंतीपाशी?"

"तिथे नको!" मावशी ओरडली. "दुपारी भिंत तापते. पिंपाच्या बाजूला घ्या. आणि खोल खणा, वारा मेला सगळं उपटतो!"

आम्ही पिंपाच्या बाजूला खणलं. वरची वाळू निघाली, मग खडे, मग दगडासारखी माती, कुदळ उडायची तिच्यावरून. लिसान्द्रोनं टँकर रिकामा केला, भोंगा वाजवला, गेला. धूळ बसली. तो खणत होता, मी माती काढत होते आणि आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. तळहातातला तो राहिलेला काटा खुपत होता. 

खड्डा झाला. त्यानं पोतं सोडलं, डबा कापला, रोप मुळांसकट माझ्या हातात दिलं आणि खाली गुडघ्यांवर बसला.

"धर नीट," तो म्हणाला. "तू सरळ धर, मी माती लोटतो."

*तू.* शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाही कळलं. हात मातीतच थांबले. त्यानं हळूच वर बघितलं, रागावलेय का ते पाहायला.

"धरलंय रे," मी म्हटलं. "लोट."